नांगर का धरला नाही? लॉक आर्डच्या किनाऱ्यावर तीन दिवस

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लॉक आर्ड गॉर्ज या घळीच्या वाळूत काढलेला एक फोटो मी बाबांना पाठवला होता. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या : १८७८ साली इथे लॉक आर्ड नावाचं एक शिडाचं जहाज फुटलं, ५४ माणसांपैकी दोघंच वाचली. रात्री उशिरा हर्णैहून उत्तर आलं. एवढंच : "नांगर टाकला नव्हता काय?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे येणारे सगळे त्या दोघांची गोष्ट ऐकतात, मीही तीच ऐकली होती. जहाजाचं काय झालं, हे मी विचारलंच नव्हतं. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. मंगळूरची कौलं आणि मलबारचं लाकूड भरून मुंबईला जायचे, आणि पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचे. बाबांनी आयुष्यभर नोकरी केली ती एसटीत, पण वाढले ते त्या गलबताच्या फळीवर. त्यामुळे कुठलंही जहाज बुडालं की त्यांना पहिला प्रश्न हाच पडतो, की नांगराचं काय झालं.

यंदा बाबा मेलबर्नला आले. जूनमध्ये किंग्ज बर्थडेची सोमवारची सुट्टी असते, तिला जोडून तीन दिवस काढले. बाबा, मी, नवरा आणि अकरा वर्षांचा लेक. जहाज फुटलं १ जूनच्या पहाटे, म्हणजे ऋतूही तोच मिळाला.

शनिवार : मेलबर्न ते अपोलो बे

सकाळी सातला निघालो. जिलाँगनंतर टॉर्की आलं आणि तिथून ग्रेट ओशन रोड सुरू झाला. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी १९१९ ते १९३२ या काळात हा रस्ता खोदला, तोही बराचसा कुदळ-फावड्यानं. ईस्टर्न व्ह्यूच्या लाकडी कमानीपाशी सगळे फोटो काढतात. बाबा मात्र शेजारच्या कुदळवाल्या पुतळ्यापाशी बराच वेळ उभे होते.

लॉर्नला थर्मासमधला चहा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली. त्यानंतर पाऊस जो लागला तो अपोलो बेपर्यंत. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र आणि वाटेत वळणंच वळणं. गाडी लागत असेल तर निघण्याआधी गोळी घ्या आणि पुढच्या सीटवर बसा. पेट्रोल अपोलो बेलाच भरून घ्या, पुढे पंप फार कमी आहेत. ऑटवेच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

अपोलो बेचा स्कॅलप पाय, म्हणजे स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचं सारण भरून भाजलेला पदार्थ, प्रसिद्ध आहे. गरम 'पाय'चा पहिला घास घेऊन बाबा म्हणाले, "तिसऱ्यांच्या जातीतलंच आहे हे. गोडसर लागतं. ओलं खोबरं असतं तर जेवण झालं असतं." शाकाहारी मंडळींना इथे पर्याय मोजकेच मिळतात, डबा सोबत ठेवलेला बरा.

संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार पडला. हीटर लावून बसलो आणि वर्षभरात वाचलेलं सगळं बाबांना सांगितलं.

लॉक आर्ड १८७३ साली ग्लासगोच्या बार्कले कर्ल गोदीत बांधलं गेलं. लोखंडी सांगाडा, तीन डोलकाठ्या, ८० मीटर लांबी. ग्लासगोच्या लॉक लाइन कंपनीची सगळी जहाजं स्कॉटलंडमधल्या तळ्यांच्या नावांची असत, हेही तसंच. त्याच्या नशिबी पहिल्यापासून वाईट वारं होतं. पहिल्याच सफरीला निघालं तेव्हा डोलकाठ्या मोडल्या आणि परत फिरावं लागलं. दुरुस्त होऊन पुन्हा निघालं तर पुन्हा मोडल्या, आणि १८७४ साली कसंबसं मेलबर्नला पोहोचलं. नंतर मात्र धंद्याला लागलं. शेवटच्या सफरीआधी मेलबर्नच्या तीन आणि कलकत्त्याची एक फेरी करून झाली होती.

"कलकत्त्यालाही गेलं होतं?" बाबा सावरून बसले. आपल्या बंगालच्या उपसागरातून ते जहाज एकदा गेलं होतं, एवढ्यानं ते त्यांना जवळचं वाटायला लागलं.

रविवार : केप ऑटवेचा दिवा, आणि मग पश्चिमेकडे

मुख्य रस्ता सोडून केप ऑटवेकडे वळलं की बारा किलोमीटरचा फाटा आहे, निलगिरीच्या झाडांतून जाणारा. गाडी हळू चालवा. लेकानं वरच्या फांदीवर कोआला पाहिला, राखाडी गाठोडं ठेवल्यासारखा. संध्याकाळनंतर या रस्त्यावर जाऊच नका, वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखे प्राणी, एकदम आडवे येतात.

दीपगृह १८४८ सालचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर उभ्या असलेल्या दीपगृहांत हे सर्वांत जुनं. १९९४ सालापर्यंत याचा दिवा अखंड चालू होता. वरच्या सज्जात गेल्यावर वाऱ्यानं आम्हाला भिंतीलाच दाबून धरलं. बाबांनी कानटोपी एका हातानं आणि कठडा दुसऱ्या हातानं पकडला होता. माहिती सांगणारे एक वयस्कर गृहस्थ आत होते. बाबांचं मराठी मी इंग्रजीत करून सांगत होते आणि त्यांचं इंग्रजी लेक आजोबांना मराठीत. अर्ध्या तासात ते दोघं म्हातारे हातवारे करून थेट बोलायला लागले.

त्यांनी समोर दाखवलं, तिकडे दक्षिणेला किंग आयलंड. दिसत नाही, कारण मध्ये साधारण ८५ किलोमीटर पाणी आहे. इंग्लंडहून येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून चाळिसाव्या अक्षांशांच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यावर स्वार व्हायची आणि आठवडेच्या आठवडे जमीन न बघता थेट या फटीत शिरायची. सुईच्या नेढ्यात दोरा ओवणं, असं खलाशी म्हणत. दोरा फार खाली गेला तर किंग आयलंडचे खडक. तिथे १८४५ साली कॅटराकी हे जहाज फुटून सुमारे ४०० माणसं गेली. फार वर गेला तर इथले कडे.

मी त्यांना विचारलं, चूक होते कशी? त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मिळतो. रेखांश मिळतो तो घड्याळावरून. लंडनची वेळ दाखवणारं एक घड्याळ जहाजावर जपून ठेवलेलं असायचं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, आणि या पट्ट्यात एक अंश म्हणजे जवळजवळ ८७ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट मागेपुढे झालं की जहाज नकाशावर २२ किलोमीटर सरकलं. तीन महिन्यांच्या हेलकाव्यांत एक मिनिट! आणि घड्याळ बरोबर असलं तरी सूर्य तर दिसायला हवा. ढग आणि धुकं असेल तर नुसता अंदाज. म्हणून सगळे कप्तान शेवटच्या रात्री या दिव्याची वाट बघत जागे राहायचे. दिवा दिसला म्हणजे आपण कुठे आहोत ते कळलं.

खाली उतरताना बाबा म्हणाले, "आमच्याकडे किनारा नजरेआड होऊ द्यायचाच नाही, असं होतं. डोंगराची सोंड, देवळाचा कळस, माडांची रांग बघत जायचं. तीन महिने काही न बघता..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुपारी गिब्सन स्टेप्स आणि ट्वेल्व्ह अपॉसल्स. अपॉसल्सपाशी सुट्टीची तोबा गर्दी, फोटो काढून निघालो. आता तिथे आठच सुळके उभे आहेत, एक तर २००५ साली लोकांच्या डोळ्यांसमोर कोसळला. गिब्सन स्टेप्स मात्र आमच्या गोष्टीतल्या आहेत. ह्यू गिब्सन हे इथल्या ग्लेनॅम्पल नावाच्या मोठ्या मेंढीफार्मचे मालक. कड्यातल्या त्या पायऱ्या त्यांच्या नावाच्या, आणि वाचलेल्या दोघांना आसरा मिळाला तो त्यांच्याच घरात.

मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला. लॉजवर पोहोचलो तर आमच्या बुकिंगमध्ये दोनच माणसं लिहिलेली आणि खोलीत पलंग एकच. सुट्टीमुळे गावात दुसरी खोली नव्हती. तासभर बोलाचाली झाल्यावर दोन गाद्या मिळाल्या. सुट्टीच्या दिवसांत जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून माणसांची संख्या तोंडी पक्की करून घ्या. ईमेलवर विसंबू नका.

सोमवार : पहाट

पावणेसातला निघालो. लॉक आर्ड गॉर्ज पोर्ट कॅम्पबेलहून गाडीनं दहा मिनिटांवर. सूर्य उगवायला अजून तासभर होता. गाडीतळावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. टॉर्च, पाणी आत न येणारं जाकीट आणि बूट, या तीन गोष्टींशिवाय जूनमध्ये पहाटे इथे येऊ नका. आणि कठड्याच्या आतच राहा. हा चुनखडक खालून पोखरलेला असतो, वर गवत हिरवंगार दिसतं म्हणून फसू नका.

मटनबर्ड आयलंड समोर दिसतं त्या जागी जाऊन थांबलो. आधी काहीच दिसेना. फक्त आवाज. मालगाडी पुलावरून जाताना येतो तसा, पण न संपणारा. मग हळूहळू काळ्यात एक जास्त काळा आकार वेगळा झाला. तेच बेट. त्याच्या पायथ्याशी एक पांढरी रेघ उमटायची, पसरायची, विरायची.

त्या रात्री, ३१ मेला, जहाजावर प्रवाशांची छोटी मेजवानी झाली होती. उद्या मेलबर्न! २ मार्चला इंग्लंड सोडलं होतं, तीन महिने झाले होते. प्रवासी १७, खलाशी ३७. कप्तान जॉर्ज गिब फक्त २९ वर्षांचा, नुकतंच लग्न झालेलं. तो झोपायला गेला नाही, ऑटवेचा दिवा शोधत डेकवरच राहिला. क्षितिजावर धुरकट झालं होतं आणि दिवा काही दिसेना. चारच्या सुमारास धुकं विरलं आणि समोर कडे उभे होते. फुटणाऱ्या लाटांचा आवाज येईल इतके जवळ.

गिबनं शिडं लावून जहाज वळवायला सांगितलं. वळेना. मग नांगर सोडले.

"सोडले होते," मी बाबांना म्हटलं. "पण तळाला वाळू. नांगर धरेचना, घसरत राहिला. जहाज मागे मागे कड्यांकडे."

बाबा काही बोलले नाहीत. अर्धा तास तरी ते पाण्याकडे बघत होते. उजाडत आलं तशी लाटांची ओळ दिसायला लागली. समुद्रातून लांब, गुळगुळीत टेकड्या येत होत्या, घाईत नसल्यासारख्या, आणि कड्यावर आल्या की माडाच्या उंचीचं पाणी उडत होतं. मग त्यांनी काठीनं हवेत रेघ ओढली.

"हे बघ बाय. पुढे कडा. मागून ही लाट, अंटार्क्टिकापर्यंत मध्ये कोणी नाही तिला अडवायला. नांगर धरायला तळात चिखल पाहिजे, नाहीतर खडकाची कपार. वाळू म्हणजे पिठात खिळा ठोकणं. आणि अशी लाट आली की दोरखंड ताणून नांगर उपटूनच काढते." थोडं थांबून म्हणाले, "आणि ती चौकोनी शिडं. परबाण म्हणजे शीड बांधायचा आडवा वासा, तो यांचा डोलकाठीला आडवा बसतो. मागून वारा असला की राजा. पण वाऱ्याच्या तोंडाशी जायचं म्हटलं की आमचं तिरकं शीड जितकं जाईल तितकं हे जात नाही. पोरानं काय चुकीचं केलं? काही नाही. त्याला वळायला पाणीच उरलं नव्हतं."

पोरगा म्हणाले ते त्याला. २९ वर्षांचा कप्तान.

नांगर धरत नाहीत म्हटल्यावर गिबनं साखळ्या सोडून दिल्या आणि शिडावरच बाहेर पडायचा शेवटचा प्रयत्न केला. जवळजवळ सुटलंच होतं. तेवढ्यात या बेटाच्या खडकाला जहाज घासलं आणि डोलकाठ्या डेकवर कोसळल्या. पंधरा मिनिटांच्या आत सगळं पाण्याखाली. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

लेकानं घड्याळ लावलं. त्याला पंधरा मिनिटं म्हणजे किती ते बघायचं होतं. आम्ही चौघं काही न बोलता उभे राहिलो. एवढ्या वेळात आकाश राखाडीचं पांढरं झालं, एक पाऊस आला आणि गेलासुद्धा. घड्याळ वाजलं तेव्हा लेक हळूच म्हणाला, "आजोबा, एवढ्यात तर मी शाळेचं दप्तरपण भरत नाही."

मग पायऱ्या उतरून खाली वाळूत गेलो. दोन बाजूंना पिवळसर कडे आणि समोर चिंचोळं तोंड, त्यातून समुद्र आत येतो. पायऱ्या ओल्या असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ काढून उतरावं. टॉम पियर्स हा १८ वर्षांचा शिकाऊ खलाशी उलट्या झालेल्या होडीला धरून या तोंडातून आत फेकला गेला. वाळूवर पडला असताना त्याला हाक ऐकू आली. एव्हा कारमायकल, जवळपास त्याच्याच वयाची आयरिश मुलगी. आधी कोंबड्यांच्या खुराड्याला आणि मग लाकडाच्या तुकड्याला धरून ती कित्येक तास पाण्यात होती. टॉम पुन्हा पाण्यात शिरला. तिला ओढून आणायला त्याला जवळजवळ तास लागला. तिला गुहेत ठेवलं, वाहून आलेल्या खोक्यातली ब्रँडीची बाटली दगडावर फोडली, तिच्या घशात दोन घोट घातले. मग तो हा कडा चढून वर गेला. घोड्याच्या टापांच्या खुणा दिसल्या, त्या धरून चालत राहिला आणि ग्लेनॅम्पलची माणसं भेटली.

बाबा त्या कड्याकडे मान वर करून बघत होते. तो दमलेला, जखमी मुलगा कुठून चढला असेल, ते शोधत होते.

वर छोटी दफनभूमी आहे. समुद्रानं चारच देह परत दिले, त्यात एव्हाची आई आणि बहीण. जहाजावर असलेलं तिचं सगळं कुटुंब गेलं. वर्तमानपत्रांना तिचं आणि टॉमचं लग्न हवं होतं. ती तीन महिन्यांनी आयर्लंडला परत गेली. टॉम समुद्रावरच राहिला, पुढे कप्तान झाला. १९०५ साली लॉक व्हेनाकर हे याच कंपनीचं जहाज सगळ्या माणसांसकट बुडालं, त्यात त्याचा मुलगा होता. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा तिथल्या बाकावर बसले. कप्तानानं एव्हाला सांगितलं होतं, तू वाचलीस तर माझ्या बायकोला सांग, मी खलाशासारखा मेलो. हा निरोप एव्हामुळेच जगाला कळला.

गॉर्जजवळच दोन सुळके उभे आहेत. आधी ती एक कमान होती. २००९ साली मधला भाग पडला आणि उरलेल्या दोन खांबांना टॉम आणि एव्हा अशी नावं दिली.

निघताना ५२ माणसांसाठी बाबांनी काय केलं ते मी लांबून बघितलं. थर्मासमधलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी समुद्राच्या दिशेनं सोडलं. पितृपक्षात करतात तसं.

सोमवार दुपार : वॉर्नम्बूल आणि मोर

तासाभरात वॉर्नम्बूल. शिरण्याआधी लोगन्स बीचला थांबा. जून ते सप्टेंबर सदर्न राइट जातीच्या देवमाशांच्या माद्या पिल्लं घालायला येतात, लाकडी मचाणावरून दिसतात. आम्हाला नुसती एक काळी पाठ आणि फवारा दिसला, दोनदा. मचाणावरच्या एका बाईंनी आपली दुर्बीण न मागता लेकाच्या हातात दिली. दुर्बीण घरून न्या, फुकट बघण्यासारखं इतकं मोठं दुसरं काही या वाटेवर नाही.

मग फ्लॅगस्टाफ हिलचं सागरी संग्रहालय. दोन-तीन तास हातात ठेवा, नुसत्या मोरासाठी जाऊन परत फिरू नका. लॉक आर्डच्या पोटात रेल्वेचं लोखंड, सिमेंट, शिसं, तांबं असा जड माल होता आणि त्यावर छत्र्या, गवती टोप्या, अत्तरं, पियानो, घड्याळं, तंबाखू ओढायचे मातीचे पाइप. एका उभ्या राहणाऱ्या शहराची वाण्याची यादीच ती. समुद्रातून काढलेल्या वस्तू काचेमागे आहेत. गंजून एकमेकांत रुतलेल्या, काही अगदी कालच्या दुकानातल्या वाटाव्यात अशा.

आणि एका दालनात तो मोर. इंग्लंडच्या मिंटन कारखान्याचा, चिनी मातीचा, दीड मीटर उंच. १८८० सालच्या मेलबर्नच्या जागतिक प्रदर्शनात मांडण्यासाठी पाठवलेला. गळ्याचा निळा इतका खरा की लेकानं आधी पेंढा भरलेला मोर समजून विचारलं. पायाखाली खडक, त्यावर वेल आणि पानं, मागे लांब पिसारा. ८० मीटरचं लोखंडी जहाज पंधरा मिनिटांत गेलं, आणि हा मोर आपल्या खोक्यातून तरंगत त्याच गॉर्जमध्ये लागला. चोचीचा एक टवका उडाला होता, बस्स.

बाबा काचेच्या अगदी जवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती चोच पाहिली, मग मान, मग पिसाऱ्याची कड. नंतर बाजूनं जाऊन पुन्हा पाहिलं. आजोबांच्या गलबतावर कौलं भरताना मधे भाताचं पेंढं कसं घालायचे, ते त्यांनी लेकाला सांगितलं. एक थर आडवा, एक उभा, आणि कोपऱ्यात हातानं दाबून. कौल फुटलं तर पैसे तांडेलाचे जायचे.

"भरणाऱ्याचा हात चांगला होता," ते म्हणाले. "कोण होता तो? बघ गो बाय, कुठे लिहिलंय काय त्याचं नाव."

मी पाटी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.